हात आखडता ठेवून बांधलेली गाडी: पाया म्हणून होंडा सीजी १२५

जुन्या वळणाची मोटारसायकल स्वतःच्या हातांनी बांधायची आणि खिसाही फाटू द्यायचा नाही, असे ठरवल्यावर बहुतेक जण आधी टाकीचा आकार आणि रंगाची छटा ठरवतात, आणि मीही तेच केले होते. खरा प्रश्न मात्र मूळ गाडी कोणती घ्यायची हा असतो, कारण पुढचा निम्मा खर्च त्या एका निवडीत दडलेला असतो. मी बंद पडलेली होंडा सीजी १२५ घेतली, शेवटच्या नटापर्यंत उघडली, सवडीसवडीने वर्षभरात पुन्हा जुळवली आणि गेली दोन वर्षे तीच चालवतो आहे. त्यामुळे हे परीक्षण कोऱ्या गाडीचे नसून, आपल्या मनाजोगते रूप देण्यासाठी ही गाडी किती खर्चात पाडते आणि कुठे अडवते, याचे आहे.

सीजी १२५ मुळात जन्मली ती निगा न राखणाऱ्या माणसांसाठी. तेल वेळेवर न बदलणे, दोघांच्या गाडीवर चौघांनी बसणे, धुळीच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे दामटणे, हे सारे गृहीत धरूनच होंडाने तिचे इंजिन आखले. १९७६ मध्ये ब्राझीलमधील मनाउसच्या कारखान्यात होंडाने सर्वप्रथम हीच गाडी बनवायला घेतली, आणि पुढे अनेक देशांत ती इतकी चालली की चिनी कारखान्यांनी तिच्या इंजिनाच्या असंख्य नकला काढल्या. कमी पैशांत गाडी बांधणाऱ्याला हा इतिहास फार उपयोगाचा आहे, कारण या नकलांमुळे पिस्टनपासून क्लच प्लेटपर्यंत सगळे सुटे भाग स्वस्तात आणि सहज मिळतात. दुर्मीळ जुनी गाडी दिसायला कितीही देखणी असली, तरी एका ऑइल सीलसाठी ती चार महिने विटांवर उभी ठेवावी लागते.

इंजिनाची रचना समजून घेतली की या गाडीचे मोल कळते. त्या काळच्या इतर लहान होंडा गाड्यांत कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा, उंचवटे असलेला दांडा) वर, सिलिंडर हेडमध्ये असे आणि त्याला फिरवायला एक लांब साखळी लागे. तेल कमी पडले की वरच्या कॅमच्या जागा आधी झिजत आणि मग हेडच बदलावे लागे. सीजीमध्ये कॅम खाली, पिस्टन ज्याला फिरवतो त्या क्रँकच्या शेजारी असतो, थेट गिअरने फिरतो, आणि त्याचा एकच उंचवटा दोन्ही व्हॉल्व्हच्या दांड्यांना आळीपाळीने वर ढकलतो. म्हणजे साखळी नाही, ती ताणून धरणारे यंत्र नाही आणि हेडमध्ये झिजायला कॅमही नाही. ५६.५ मिलिमीटर व्यास आणि ४९.५ मिलिमीटर स्ट्रोकच्या या १२४ सीसीच्या इंजिनातून सुमारे ११ अश्वशक्ती मिळते. यापेक्षा जास्त जोराची हौस असेल त्याने हे परीक्षण इथेच सोडावे.

माझ्या गाडीची किक पायाने मारल्यावर अगदी हलकी लागत होती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजला तर कमी होता. ठिणगीचा प्लग काढून त्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडले आणि तो पुन्हा मोजला, तर काटा बराच वर गेला. तेलाने दाब वाढला म्हणजे दोष पिस्टनभोवतीच्या रिंगांचा, वाढला नसता तर व्हॉल्व्हचा. सिलिंडर एक माप मोठे करून नवा पिस्टन आणि रिंगा बसवल्या, एवढेच या इंजिनाचे मोठे काम. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट, मात्र मी स्वतः लावले. इंजिन पूर्ण थंड असताना पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात सर्वांत वर आणायचा आणि दोन्ही व्हॉल्व्हला ०.०८ मिलिमीटरची फट ठेवायची. फट मोजायच्या फीलर गेजची पातळ पट्टी त्या फटीतून ओढताना वहीच्या मिटलेल्या पानांतून कागद सरकवल्यासारखी अंगाला घासत यायला हवी. ती सुळकन निघाली तर सैल आहे आणि अडली तर घट्ट. पहिल्यांदा मला हे जमायला अख्खी दुपार लागली, आता वीस मिनिटे पुरतात.

कार्बोरेटरच्या बाबतीत मी हौसेला बळी पडलो. गोल, उघडा, शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर लावला की गाडीचा मधला भाग मोकळा दिसतो आणि छायाचित्रांत तो फार खुलतो. तो लावताच हवा जास्त जाऊ लागली, इंजिन मध्येच खोकू लागले आणि प्लगचे टोक पांढरे पडले, म्हणजे पेट्रोल कमी पडत होते. मोठा जेट (पेट्रोल सोडणारी छिद्राची बारीक नळी) घातला तर हळू वेगात धूर, मधला घातला तर चढावर दम तुटे. तीन जेट आणि तीन रविवार घालवून मी मूळची हवेची पेटी परत बसवली, आणि प्लग पुन्हा विटकरी तपकिरी दिसू लागला. ती पेटी झाकायला पातळ पत्र्याचे दोन त्रिकोणी पाखे केले. त्यांना खर्च जवळजवळ शून्य आला.

टाकी ही या गाडीची जमेची बाजू आहे, कारण ती पोलादी आहे आणि आतला गंज घरी काढता येतो. मी तिच्यात सायट्रिक आम्लाचे पाणी भरून रात्रभर ठेवले आणि मूठभर नट टाकून ती हलवली. खरी घाई नंतरची असते: आम्ल ओतून दिल्यावर ओला पत्रा तासाभरात पुन्हा तांबूस होतो, म्हणून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवून, लगेच गरम हवेने वाळवून, आत थोडे तेल मिसळलेले पेट्रोल फिरवावे लागते. टाकीला आतून लेप देण्याचा मोह मी टाळला, कारण असा लेप नीट धरला नाही तर त्याच्या पापुद्र्यांनी पेट्रोलची चावी बुजते.

सर्वांत मोठा मनस्ताप झाला तो फ्रेमच्या पावडर कोटिंगमध्ये, म्हणजे भट्टीत भाजून बसवायच्या भुकटीच्या रंगात. काम करणाऱ्याला मी तोंडी सांगितले होते की स्टिअरिंगच्या बेअरिंगच्या जागा आणि बोल्टांचे आटे झाकून मगच भट्टीत घालावे. तो हो म्हणाला, आणि फ्रेम परत आली ती नखशिखांत काळी, आट्यांसकट. हे कोटिंग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत घट्ट होते, त्यामुळे ते साध्या ब्लेडने निघत नाही. मागच्या चिमट्याचा (मागचे चाक धरणाऱ्या सांगाड्याचा) लांब बोल्ट जाण्याच्या भोकात पॉलिश पेपरची गुंडाळी फिरवत मी दोन संध्याकाळी घालवल्या, आटे पाडायच्या टॅप या हत्याराने आटे पुन्हा साफ केले आणि स्वतःला दोष दिला, कारण झाकायच्या जागा मीच रबरी बुचे आणि जुने बोल्ट लावून पाठवायला हव्या होत्या. एवढ्यावर भागले नाही. जोडणी झाल्यावर दिवा मिणमिणायचा आणि इंडिकेटर लावला की टेललाइट लुकलुकायचा. बॅटरी बदलली, रेग्युलेटर बदलला, आणि शेवटी कळले की कोटिंगमुळे विजेची अर्थची (परतीची) वायर फ्रेमच्या धातूला टेकतच नव्हती. त्या वायरचा बोल्ट जिथे बसतो तिथली नाण्याएवढी जागा खरवडून उघडी केली आणि दिवा लख्ख पेटला. ते दोन सुटे भाग आजही माझ्या कपाटात कोरेच पडून आहेत.

विजेचा विषय निघालाच आहे तर सांगतो: सुरुवातीच्या सीजीमध्ये ६ व्होल्टची यंत्रणा आणि ठिणगी पाडायला पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे झिजणारे संपर्क, होते; नंतरच्या गाड्यांत १२ व्होल्ट आणि सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ठिणगी, आले. निवड करता येत असेल तर नंतरचीच घ्यावी. जुनेपणा टाकीत आणि दिव्याच्या गोल डोळ्यात दिसला म्हणजे पुरे. तो ठिणगीत असण्याची गरज नाही.

आता उणिवा. गाडी अंगाने बारीक आहे आणि जाड टायर घातले तरी ती मोठ्या गाडीसारखी भारदस्त दिसत नाही. उलट जाड मागचा टायर साखळीला घासू लागतो. ड्रम ब्रेक नव्या शूनंतरही कामापुरताच आहे. सपाट सीटसाठी मागची फ्रेम कापताना वरच्या शॉकअब्जॉर्बरच्या बोल्टपुढे पुरेशी नळी ठेवावी लागते, त्यामुळे चित्रांत दिसते तितकी आखूड शेपटी या गाडीला देता येत नाही, आणि ज्यांनी ती दिली आहे त्यांच्या मागे बसायला मी तयार नाही. हे एक वेल्डिंग मी पैसे मोजून जाणकाराकडून करून घेतले. माझ्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा टायर, ब्रेक शू, चाकांचे बेअरिंग आणि केबल यांवर गेला, रंगावर नव्हे. विकणाऱ्याने ‘नवेकोरे’ म्हणून सांगितलेल्या टायरच्या कडेवरचे चार आकडी ठसे मी सुदैवाने वाचले होते: पहिले दोन अंक आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, आणि त्या हिशेबाने ते टायर बारा वर्षांचे निघाले.

सायलेन्सरच्या नळीवर कापडी पट्टी गुंडाळण्याची पद्धत मला पटलेली नाही. तिच्यात ओल राहते आणि नळी आतल्या आत गंजते.

एक शेवटची गोष्ट सीजीच्या साखळीच्या बंद डब्याविषयी. साखळीला चहूबाजूंनी झाकणारा तो पत्र्याचा डबा दिसायला अगदी कारकुनी आहे, म्हणून मी तो पहिल्याच दिवशी काढून टाकला होता. उघड्या साखळीला दर आठवड्याला ब्रश आणि तेल लागू लागले, धूळ तेलात कालवून तिचा चिकट लेप तयार झाला, आणि सहा महिन्यांत मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे साखळीच्या दातेरी चाकाचे, दात एका बाजूला कलले. नवी साखळी, नवे स्प्रॉकेट घेतले, अडगळीतून तो डबा शोधून काढला, त्याचा पोचा ठोकून सरळ केला आणि टाकीच्याच रंगात रंगवून परत चढवला.