सही करून मोकळं व्हायचं, की सहीआधी कलम आखडून घ्यायचं?

कोकणातल्या लोटे, महाड, रोहा या कारखान्यांच्या पट्ट्यात एजन्सीमार्फत कंत्राटावर काम करणाऱ्यांना हे कलम पाठ असतं. कंत्राट संपल्यावर बारा महिने एजन्सीच्या कुठल्याही क्लायंटकडे काम करायचं नाही. थेट नाही आणि दुसऱ्या एजन्सीतर्फेही नाही. क्लायंट म्हणजे कोण? तर तुम्ही जिथे काम केलंत तो कारखाना, त्याच्या समूहातल्या सगळ्या कंपन्या, आणि एजन्सीने जिथे जिथे तुमचा बायोडेटा पाठवला त्याही सगळ्या.

यावर आपल्या लोकांत दोन मतं आहेत. एक म्हणतं, बिनधास्त सही करा, असली कलमं कोर्टात टिकत नाहीत. दुसरं म्हणतं, सही करण्याआधीच कलम आखडून घ्या, मग रेट थोडा खाली आला तरी चालेल. मी चिपळूणचा, इन्स्ट्रुमेंटेशनमधला, म्हणजे कारखान्यातली मोजमापाची आणि नियंत्रणाची उपकरणं बघणारा. शटडाउन (दुरुस्तीसाठी प्लांट बंद ठेवतात तो काळ) आणि कमिशनिंगची (नवा प्लांट चालू करून देण्याची) कामं घेतो, आणि दोन्ही तऱ्हांनी कंत्राटं केली आहेत. ज्याच्या मेलवर आत्ता करार येऊन पडलाय आणि उद्या सही मागतायत, त्याच्यासाठी हे लिहितोय.

पहिल्या मताला कायद्याचा भक्कम आधार आहे. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 27 सांगतं की कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण यावरच गाजलं होतं. त्याचं व्यवस्थापन बघणाऱ्या कंपनीचा करार संपला, तरी त्याने पुढचा करार करताना पहिला हक्क आपला, असं कंपनीचं म्हणणं होतं. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मानलं नाही. करारात लिहिलेल्या दंडाचंही तसंच. कलम 74 प्रमाणे लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा असते. न्यायालय देतं ती त्याच्या आतली वाजवी भरपाई.

मुदत चालू असतानाची गोष्ट मात्र वेगळी. कल्याणच्या टायरकॉर्ड (टायरमध्ये घालायचा धागा) बनवणाऱ्या कारखान्यातला एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांचा करार अर्ध्यात सोडून कोट्याच्या स्पर्धक कंपनीकडे गेला, तेव्हा 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याची बाजू उचलून धरली. म्हणजे 'टिकत नाही' हा दिलासा कंत्राट पुरं करणाऱ्यासाठी आहे. चालू कामावरून उठून शेजारच्या प्लांटला जाणाऱ्याने त्यावर विसंबू नये, आणि तसं जाऊही नये असं माझं मत आहे.

इथवर पहिलं मत वरचढ आहे. माझ्या बाबतीत ते गेटवर हरलं.

लोट्यातलं एक शटडाउन आटोपलं आणि पावसाच्या तोंडावर त्याच वसाहतीतल्या दुसऱ्या कारखान्याने बोलावलं. काम रोजचंच, लूप चेकिंग आणि ट्रान्समीटरचं कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणांची जोडणी आणि त्यांचे आकडे बरोबर येतात का ते तपासणं. तिथल्या एचआरने एकच कागद जास्तीचा मागितला: आधीच्या एजन्सीची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र. एजन्सीने कधीतरी त्यांनाही माझा बायोडेटा मेल केला होता, म्हणून कराराच्या हिशेबाने तेही क्लायंट. एजन्सीने एनओसी नाकारली नाही. नाकारली असती तर निदान भांडता आलं असतं. 'अप्रूव्हलला गेलीय', 'साहेब टूरवर आहेत', 'सोमवारी बघतो', एवढंच चाललं. मी एचआरच्या साहेबांना कलम 27 दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, 'तुमचं बरोबरच असेल हो, पण त्या एजन्सीची माणसं आमच्याकडे आहेत. मला त्यांच्याशी वाकडं घ्यायचं नाही.' गेटपास झाला नाही. शटडाउनच्या तारखा कुणासाठी हलत नाहीत, काम दुसऱ्याला गेलं. नोटीस आली नाही, कोर्टाचा विषयच निघाला नाही, तरी कलमाने मला अडवायचं तेवढं अडवलं.

पुण्या-मुंबईच्या माणसाला हे एवढं जाचणार नाही. तिथे एक दार बंद झालं तर दुसरं शेजारी असतं. आपल्याकडे रोहा, महाड, लोटे, खाली जयगड-दाभोळकडचे प्रकल्प, की झालं. एजन्सीचा मुलगा एका दुपारी सगळीकडे बायोडेटा पाठवून देतो आणि अख्खा पट्टा वर्षभर बंद होतो. त्यातही तुम्हाला प्रत्यक्ष काम मिळालेलं असतं एकाच ठिकाणी. ज्याला जामनगर-पारादीपला जायला अडचण नाही, घरी म्हातारं माणूस नाही, गणपतीला दोन दिवस आलं तरी पुरतं, त्याला पहिली तऱ्हा खरंच पुरते. आखातात जाणाऱ्याने मात्र 27 चा भरवसा धरू नये, तिथे तिथला कायदा.

दुसऱ्या तऱ्हेत मी एजन्सीकडे काय मागतो ते सांगतो. बंदी फक्त ज्या प्लांटवर प्रत्यक्ष काम केलं त्या प्लांटपुरती. समूहातल्या कंपन्या आणि 'ओळख करून दिली' हे शब्द बाहेर. आधीपासून ज्यांच्याकडे माझी कामं झाली आहेत त्यांची यादी जोडपत्रात, त्यांना बंदी लागू नाही. एजन्सीनेच मुदतीआधी कंत्राट थांबवलं तर कलम आपोआप संपलं. आणि माझ्या लेखी सगळ्यात मोलाची ओळ: काम संपल्यापासून सात दिवसांत एनओसी द्यायची, न दिल्यास ती दिली असं धरायचं. ही ओळ एचआरपुढे ठेवली की त्यांचीही सुटका होते, कारण एजन्सीनेच सही केलेला कागद त्यांच्या फाइलला लागतो.

हे सगळं करारातच किंवा सही केलेल्या जोडपत्रात हवं. को-ऑर्डिनेटर फोनवर 'आपण कुठे अडवतो का' म्हणतो, आणि करारात शेवटी लिहिलेलं असतं की या कागदाबाहेरचं काहीही धरलं जाणार नाही. आणखी एक गोष्ट विचारून घ्या. एजन्सी आणि कारखाना यांच्यात वेगळा करार असतो, त्यात तुम्हाला थेट घेतलं तर कारखान्याने एजन्सीला किती फी द्यायची ते ठरलेलं असतं. तो कागद आपल्याला दिसत नाही. आपलं कलम कितीही आखडलं तरी त्या फीमुळे कारखाना मागे सरू शकतो. म्हणून अमुक महिन्यांनंतर फी शून्य, एवढं तरी एजन्सीकडून लिहून घेता येतं का ते बघावं.

या तऱ्हेचा तोटाही आहे. 'फॉरमॅट गुरुग्रामहून येतो, बदलत नाही' हे उत्तर हमखास मिळतं, आणि घाईच्या कामात तेवढ्यावरून नाव दुसऱ्याचं लागू शकतं. रेटही एजन्सी थोडा ओढते. माझा अनुभव असा की बायोडेटा द्यायच्या आधी कराराचा मसुदा मागितला तर ऐकतात. रुजू व्हायच्या आदल्या रात्री मागितलं तर कोण ऐकणार? रेटमध्ये सोडलेले पैसे मला पुढच्या कामात मिळून गेलेत, कारण ते काम घराजवळच मिळालं. इतरांचं गणित वेगळं असू शकतं.

दोन्ही तऱ्हांत एक काळजी सारखीच: शेवटचं बिल. एनओसीवरून कुरबूर झाली की एजन्सी बिल लांबवते. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आधीच करून ठेवा. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं असलं तरी बिल चुकवायची मुदत 45 दिवसांच्या पुढे जात नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बिलाखाली नोंदणी क्रमांक छापलेला असला की फोनवरचा सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

एजन्सी एकच बदल देऊ म्हणाली तर मी बारा महिन्यांवर अडून बसणार नाही. बारा महिने राहू देत, पण सात दिवसांची ती एनओसीची ओळ घेतल्याशिवाय मी सही करत नाही.