जुना मोबाईल: साफ करायचा, रूट करायचा की रॉमच बदलायचा?

शेजारच्या अक्का परवा मोबाईल घेऊन आल्या. २ जीबी रॅम, १६ जीबी स्टोरेज, मागचं कव्हर रबर लावून धरलेलं. म्हणाल्या, "लेक नवा घेऊन देतो म्हणतोय, पण ह्याची सवय झालीय रे. हाच जरा पळता कर की." वडगावातले माग चालवणारे मामा हेच मागणं घेऊन येतात, खानापूरहून बेळगावला कॉलेजला येणारी पोरंही येतात. फरक एवढाच, की पोरांनी व्हिडिओ बघून आधीच ठरवलेलं असतं: रूट करायचं, नाहीतर नवा रॉम टाकायचा.

जुन्या अँड्रॉइडला पुन्हा कामाला लावायच्या वाटा तीन. पहिली: कंपनीची सिस्टीम आहे तशी ठेवायची, तिच्यातली अडगळ काढायची आणि हलका लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं ॲप) बसवायचा. दुसरी: सिस्टीम तीच ठेवून रूट करायचं, म्हणजे तिचा पूर्ण ताबा आपल्या हातात घ्यायचा. तिसरी: कंपनीची सिस्टीम पुसून लिनिएजओएससारखा दुसरा रॉम, म्हणजे दुसऱ्या कुणी बांधलेली सिस्टीम, घालायचा. ज्या मोबाईलवर तुमचं फोनपे, गूगल पे किंवा बँकेचं ॲप आहे, त्याला पहिल्या वाटेपलीकडे नेऊ नका, असं माझं स्वच्छ मत आहे. तिसरी वाट मला मनापासून आवडते, पण ती कपाटात पडलेल्या दुसऱ्या मोबाईलसाठी. रूटचं दिवसमान मात्र आता उतरलं आहे. का, ते पुढे सांगतो.

कुठल्याही वाटेला लागण्याआधी बॅटरी बघा

मोबाईल टेबलावर पाठीवर ठेवा आणि बोटाने हलकेच फिरवा. भिंगरीसारखा फिरला तर बॅटरी फुगलेली असण्याची दाट शक्यता आहे. मग चार्जिंग तिथेच थांबवा आणि आधी बॅटरी बदलून घ्या. अक्कांचं कव्हर रबर लावूनही का उचलतंय, ते असंच कळलं. बॅटरी फुगलेली नसली तरी २५-३० टक्क्यांवर असताना मोबाईल अचानक बंद पडत असेल, तर तो दोषही बहुतेक वेळा बॅटरीचाच असतो. लिथियमची बॅटरी म्हातारी झाली की कॅमेरा उघडल्यासारख्या जोराच्या मागणीला तिचं व्होल्टेज एकदम खाली येतं. तिथे कुठलंही सॉफ्टवेअर कामाला येत नाही.

पहिली वाट: साफसफाई

हिची लोक उगाच हेटाळणी करतात. माझ्या हातून गेलेल्या बहुतेक मोबाईलना एवढंच पुरलं आहे.

सेटिंगमध्ये 'अबाऊट फोन'मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे ॲनिमेशनचे तीन आकडे १ वरून ०.५ करा. प्रोसेसरचा वेग त्याने वाढत नाही, पण स्क्रीन बदलताना जाणारा वेळ निम्मा होतो आणि हाताला फरक लगेच जाणवतो. मग यूएसबी डीबगिंग चालू करून मोबाईल कॉम्प्युटरला जोडायचा आणि एडीबी नावाच्या गूगलच्याच साधनाने नको ती ॲप्स काढायची. पहिल्यांदा करताना निम्मी माणसं इथेच अडकतात, कारण हाताशी असलेली केबल नुसती चार्जिंगची निघते. डेटाची केबल असली की मोबाईलच्या स्क्रीनवर 'ह्या कॉम्प्युटरला परवानगी द्यायची का' असं विचारणारी चौकट येते. ती आली नाही तर आधी केबल बदला. कॉम्प्युटर नसेल आणि मोबाईल अँड्रॉइड ११ किंवा पुढचा असेल, तर वायरलेस डीबगिंग आणि शिझुकू हे ॲप वापरून बरंच काम मोबाईलवरच होतं.

अक्कांच्या मोबाईलमध्ये कंपनीनेच घातलेले दोन ब्राउझर होते, एक गेम सेंटर, एक बातम्यांचं ॲप आणि लॉक स्क्रीनवर जाहिराती दाखवणारं आणखी एक. ही काढली. खरं सांगायचं तर ती पूर्ण पुसली जात नाहीत, फक्त आपल्या खात्यापुरती उडतात. त्यामुळे सिस्टीमच्या भागातली जागा मोकळी होत नाही, पण मागे गुपचूप चालून रॅम आणि डेटा खाणं थांबतं. चुकून हवं ते ॲप उडालं तर एका आज्ञेने परत येतं, आणि फॅक्टरी रीसेट मारला की सगळीच परत येतात. चूक निस्तरता येते, हीच ह्या वाटेची थोरवी. एकच पथ्य पाळा: ज्या पॅकेजचं, म्हणजे सिस्टीममधल्या ॲपचं, काम काय ते माहीत नाही त्याला हात लावू नका. काही कंपन्यांच्या मोबाईलमध्ये सुरक्षेचं पॅकेज काढलं की मोबाईल सुरूच होत नाही, नुसता लोगो दाखवत बसतो.

लाँचर म्हणून केआयएसएस किंवा ओलाँचर घाला, दोन्ही अगदी हलके आहेत. आणि ते रॅम क्लीनर, बूस्टर काढून टाका. ते मागची ॲप्स मारतात, अँड्रॉइड ती पुन्हा उघडतं, आणि ह्या ये-जा करण्यात बॅटरी जास्तच जाते. स्टोरेज काठोकाठ भरलेलं असेल तर आधी दोन-तीन जीबी रिकामं करा. जुन्या मोबाईलचा अर्धा संथपणा तिथेच असतो, आणि आपल्याकडे तो व्हॉट्सॲपवरच्या 'शुभ सकाळ'च्या फोटोंनी भरलेला असतो.

रूट: आधी काय मिळायचं, आता काय मिळतं

२०१६ साली मॅजिस्क हे रूट करायचं साधन आलं आणि सिस्टीमच्या मूळ फाइली न बदलता रूट करायची सोय झाली. त्या काळात रूट म्हणजे खरोखर घराची किल्ली होती. कंपनीची ॲप्स काढायची, जाहिराती अडवायच्या, फॉन्ट बदलायचा, सगळ्याला तीच लागायची. आज ॲप्स एडीबीने जातात. अँड्रॉइड ९ पासून प्रायव्हेट डीएनएस (वेबसाइटचे पत्ते शोधून देणारी सेवा आपणच निवडायची सोय) आलं, त्यातून जाहिराती बऱ्यापैकी अडतात. फॉन्ट काही कंपन्या थीममधूनच देतात. रूटकडे खास असं उरलं ते चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवणं, ॲपचा त्याच्या डेटासकट बॅकअप घेणं आणि प्रोसेसरच्या वेगाशी खेळणं.

त्याच्या बदल्यात काय जातं? रूट करायला आधी बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडावं लागतं, आणि ते उघडताना मोबाईल पूर्ण पुसला जातो, फोटो आणि चॅट सगळं. त्यानंतर बँकेची बरीच ॲप्स गूगलच्या प्ले इंटिग्रिटीकडे (मोबाईलशी छेडछाड झाली का ते तपासणारी सेवा) चौकशी करतात आणि उघडायला नकार देतात. रूट लपवायचे उपाय मिळतात, पण आज चाललेला उपाय पुढच्या महिन्यात चालत नाही. गणपत गल्लीत भाजी घेऊन पैसे द्यायच्या वेळी ॲप उघडलं नाही, म्हणजे ते रूट आपल्या काय कामाचं?

नवा रॉम

सायनोजेनमॉड हा जुना लोकप्रिय रॉम २०१६ च्या डिसेंबरात बंद पडला आणि त्याच कामातून लिनिएजओएस उभं राहिलं. जगभरातली माणसं आपला वेळ घालून कंपन्यांनी सोडून दिलेल्या मोबाईलसाठी नवी सिस्टीम बांधतात, हे मला आजही फार मोठं वाटतं. कंपनीचा एक कपटाही नसलेला स्वच्छ मोबाईल, आणि सुरक्षेचे पॅचही येत राहतात. मात्र हे पॅच अँड्रॉइडच्या भागाचे. चिपच्या आतलं फर्मवेअर कंपनीने सोडलं तिथेच राहतं.

नवं म्हणजे हलकं, हा समज मात्र डोक्यातून काढा. २ जीबी रॅमवर आजचं अँड्रॉइड आणि गूगलची ॲप्स घातली तर मोबाईल आधीपेक्षा कुंथतो. ३-४ जीबी असेल तर मजा आहे. आणि मॉडेलचं नाव नाही, त्याचं सांकेतिक नाव बघा. रेडमी नोट ४ नावाचे दोन वेगळे मोबाईल आहेत. आपल्याकडे विकला गेला तो स्नॅपड्रॅगनचा 'मिडो', तर मीडियाटेकचा तो 'निकेल'. एकाचा रॉम दुसऱ्यात घातला तर मोबाईलची वीट होते, म्हणजे तो सुरूच होत नाही.

कंपनीवरही बरंच अवलंबून आहे. पिक्सेल आणि बऱ्याच मोटोरोलांचं बूटलोडर सरळ उघडतं. शाओमीत खातं जोडून वाट बघावी लागते. सॅमसंगमध्ये अनधिकृत सिस्टीम घातली की नॉक्स ह्या तिच्या सुरक्षा यंत्रणेची खूण कायमची उडते, आणि जुनी सिस्टीम परत घातली तरी सिक्युअर फोल्डर हा कुलूपबंद कप्पा परत मिळत नाही. विवो तर अधिकृतपणे उघडूच देत नाही. तुमचा मोबाईल विवोचा असेल तर ठरवण्यासारखं काही नाही, पहिलीच वाट.

खानापूरचं नेटवर्क

आपल्या भागात निवड करताना ही गोष्ट सगळ्यात जड, आणि व्हिडिओवाले तिच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ज्या कंपनीचं २जी-३जी नाहीच, उदाहरणार्थ जिओ, तिचा कॉल व्होल्टीवरूनच, म्हणजे ४जीवरूनच, जातो. रॉममध्ये व्होल्टी नीट बसलं नसेल तर इंटरनेट धावतं आणि कॉल मात्र लागत नाही. माझ्याच एका मोबाईलवर मी कुणीतरी हौसेने बांधलेला रॉम घातला होता. व्हॉट्सॲप चालत होतं म्हणून मी निर्धास्त. तिसऱ्या दिवशी जांबोटीहून मामाचा निरोप दुसऱ्याच्या मोबाईलवर आला: "दोन दिस झालं फोन लावायलोय, लागंना." घरात आजारी माणूस होतं. त्या दिवसापासून रोजच्या मोबाईलवर मी असले प्रयोग केले नाहीत. रॉम घालणार असाल तर त्याच्या माहितीत व्होल्टी चालतं असं लिहिलेलं शोधा, आणि आधी मोबाईलच्या ईएफएस आणि पर्सिस्ट ह्या भागांचा बॅकअप घ्या. ते बिघडले तर आयएमईआय (मोबाईलचा ओळख क्रमांक) जातो आणि सिम नुसतं शोभेला उरतं. कुणी दुकानदार "दुसरा आयएमईआय मारून देतो" म्हणाला तर मोबाईल उचलून घरी या, तो गुन्हा आहे.

कंपनीच्या सिस्टीमवर हा घोर नाही. कणकुंबीच्या जंगलात किंवा सीमेलगत, जिथे मोबाईल कधी कर्नाटकातल्या तर कधी महाराष्ट्रात चंदगडकडच्या टॉवरला लागतो, तिथे सिग्नल शोधण्यातच बॅटरी संपते. बऱ्याच मोबाईलमध्ये *#*#४६३६#*#* डायल केलं की नेटवर्कचा प्रकार ठरवता येतो. व्होल्टी चालत असेल तर फक्त एलटीई (४जी) ठेवून बघा. ह्याला रूटही लागत नाही आणि रॉमही.

मराठी आणि कन्नड

घरच्या ग्रुपवर मराठी, उताऱ्याच्या कामाला कन्नड आणि पासवर्डला इंग्रजी, असे तीन कीबोर्ड आपल्याला लागतात. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा सिस्टीमच्या यादीत एकदमच आल्या, आणि अँड्रॉइड ७ पासून एकापेक्षा जास्त भाषा क्रमाने लावता येतात. त्यामुळे अँड्रॉइड ७ पुढच्या मोबाईलवर तिन्ही वाटा इथे जवळपास सारख्याच. जीबोर्ड २ जीबीवर अडखळत असेल तर इंडिक कीबोर्ड घाला, त्यात दोन्ही भाषा आहेत.

एक चाचणी मात्र जरूर करा. 'सुऱ्या, दऱ्या, ऱ्हास, कऱ्हाड' एवढं लिहून बघा. थीममधल्या नक्षीदार फॉन्टात ऱ्य मोडतो, र पाय तुटल्यासारखा वेगळा दिसतो. लिनिएजओएसमध्ये गूगलचा नोटो फॉन्ट असल्यामुळे तो नीट बसतो. कंपनीच्या सिस्टीमवर मोडत असेल तर मूळ फॉन्टावर परत जा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच भागतं.

कॅमेऱ्याचं थोडक्यात: नवा रॉम घातला की कंपनीचं फोटो सुधारणारं तंत्र जातं आणि तोच कॅमेरा मळकट फोटो काढायला लागतो. जीकॅम हे गूगलचं कॅमेरा ॲप घालून काही मोबाईलवर भरपाई होते. बूटलोडर उघडल्यावर काही मोबाईलवर सिनेमाच्या ॲपचं चित्रही पुसट होतं.

मग तुमच्यासाठी कुठली?

मोबाईल एकच आहे आणि त्यावर बँक आहे: बॅटरी, साफसफाई, हलका लाँचर. पॅच जुने असल्यामुळे मात्र एक जपा. लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर एपीके (ॲप बसवणारी) फाइल आली तर उघडू नका, पत्रिका कधी एपीके नसते. कंपनीचं अँड्रॉइड ५ च्याही खाली असेल तर व्हॉट्सॲपच चालणार नाही, तिथे साफसफाईत वेळ घालवू नका.

दुसरा मोबाईल पडून आहे, ३ जीबीच्या वर रॅम आहे, लिनिएजओएसच्या यादीत त्याचं सांकेतिक नाव सापडतं आणि कॉलेजातलं पोर शिकायला तयार आहे: खुशाल रॉम घाला. सिम नसलेल्या मोबाईलला व्होल्टीची चिंता नाही. त्यावर अभ्यासाचे व्हिडिओ, गाणी, पुस्तकं सगळं होतं, आणि पोर त्यातून जे शिकतं ते कुठल्याही क्लासात मिळत नाही. अशाच मोबाईलची बॅटरी जपायला चार्जिंग ८० वर थांबवायचं असेल तर रूटही करा. हल्ली मी रूट सुचवतो ते एवढ्यासाठीच.

अक्कांच्या मोबाईलला दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी बसली, कव्हरही टचकन बंद झालं. नको ती ॲप्स उडवली, लाँचर बदलला, कन्नड आणि मराठी कीबोर्ड शेजारी शेजारी लावून दिले. अक्कांनी पहिलं काम केलं ते पुण्याच्या लेकीला व्हिडिओ कॉल. मधेच मला म्हणाल्या, "लेकाला सांग, ह्या दिवाळीला नको, पुढच्या दिवाळीला बघू."