गळती मोजण्याची सामायिक फूटपट्टी: पाणी लेखापरीक्षणाचे मोफत साधन

पाणीपुरवठा संस्थांनी एकत्र संशोधन करायचे ठरवले, की पहिली अडचण शब्दांपाशीच येते. एक संस्था फुटलेल्या जलवाहिनीतून वाहून गेलेल्या पाण्यालाच गळती म्हणते, तर दुसरी चोरीचे आणि नादुरुस्त मीटरमधून न नोंदलेले पाणीही त्यातच धरते. आंतरराष्ट्रीय जल संघटनेने 2000 साली प्रसिद्ध केलेल्या जल-ताळेबंदाने, म्हणजे सोडलेले पाणी कुठे कुठे गेले याच्या हिशेबाने, या व्याख्या एकसारख्या केल्या. त्याच पायावर अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशनने तयार केलेले पाणी लेखापरीक्षणाचे हे साधन एक्सेलमध्ये चालते आणि मोफत मिळते.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती टक्केवारीला दिलेली रजा. समजा, एखादी संस्था 100 एकक पाणी सोडते आणि त्यातले 20 गळते. उद्या एखादा मोठा कारखाना बंद पडून मागणी 20 एककांनी घटली, तर गळती तेवढीच राहूनही 20 टक्क्यांची 25 टक्के होते आणि अभियंत्यांना नाहक बोलणी खावी लागतात. त्याऐवजी इथे प्रत्यक्ष गळतीला तांत्रिकदृष्ट्या अटळ गळतीने, म्हणजे व्यवस्था उत्तम राखली तरी टळत नाही तेवढ्या गळतीने, भागले जाते; येणारे उत्तर हाच गळतीचा निर्देशांक. ही अटळ गळती पाण्याच्या दाबाच्या (दाबाने पाणी जितके मीटर उंच चढेल, त्यावर तो मोजतात) प्रत्येक मीटरमागे, दर किलोमीटर मुख्य जलवाहिनीला रोज 18 लिटर आणि दर कनेक्शनला 0.8 लिटर अशी धरली जाते, शिवाय ग्राहकाच्या जागेच्या हद्दीपासून त्याच्या पाणी-मीटरपर्यंतच्या नळाचा हिस्सा वेगळा असतो. 1999 साली हा निर्देशांक 20 देशांतील 27 व्यवस्थांच्या आकड्यांवर लावून पाहिला गेला होता, म्हणून तो टेबलावर बसून काढलेला वाटत नाही.

प्रत्येक आकड्याच्या विश्वासार्हतेलाही गुण द्यावे लागतात, आणि एकूण गुणांकन 100 पैकी होते. सोडलेले पाणी मोजणारा मुख्य मीटर शेवटचा कधी तपासला, हा साधा प्रश्न किती अवघड असू शकतो, ते इथे कळते. अर्थात हे गुण आपले आपणच द्यायचे असल्याने उदारपणाला वाव राहतो. बाहेरच्या जाणकाराकडून पडताळणी करून घेतल्याशिवाय दोन संस्थांची तुलना करू नये.

खटकणारी बाब म्हणजे सूत्रामागे चोवीस तास दाबाखाली असलेली व्यवस्था गृहीत आहे. ठरावीक तासच पाणी सोडणाऱ्या संस्थेने सरासरी दाबाचा आकडा घातला, तर उत्तर मिळते, पण त्यावर दुरुस्तीचे अंदाजपत्रक उभारणे मला धोक्याचे वाटते. अशा संस्थांनी ताळेबंद जरूर मांडावा, निर्देशांकाचा रकाना मात्र तूर्त बाजूला ठेवावा.