पावसाळ्यातल्या घोड्याच्या पायांसाठी: ४ टक्के क्लोरहेक्झिडीन स्क्रब

गोव्यात जून ते सप्टेंबर जांभ्याचा लाल चिखल घोड्याच्या खुरामागच्या खळग्यात साचून राहतो. ओली कातडी मऊ पडते, जंतू आत शिरतात, खपल्या धरतात. औषधांच्या दुकानात हात धुण्यासाठी मिळणारा हा जंतुनाशक स्क्रब इथे खरंच उपयोगी आहे, पण घाईने वापरला तर पैसे वाया.

आधी केस कातरा. कोमट पाण्याने चिखल काढा. साध्या साबणाचा अंश राहिला तर क्लोरहेक्झिडीन निष्प्रभ होतं. मग स्क्रबचा फेस करून पूर्ण १० मिनिटं ठेवा. मऊ झालेल्या, आपोआप सुटणाऱ्या खपल्याच काढा; ओढून काढल्या तर जखम होते, घोडा पुढच्या वेळी पाय देत नाही. मग भरपूर पाण्याने धुवा. फेस राहिला तर कातडी चरचरते.

आणि पाय कोरडा करा, अगदी कोरडा! सगळं यावर अवलंबून आहे. ओल्या पायावर झिंक ऑक्साईडचं मलम थापलं की ओल आतच कोंडते.

रोज धुऊ नका, सुरुवातीला एक दिवसाआड पुरे.

पाय सुजला, गरम लागला किंवा घोडा लंगडला, तर स्क्रब बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा. किड्यांच्या खाजेवर मात्र याचा उपयोग नाही.