एंजल की क्लाउनफिश? घरी पिल्लं काढायची तर

भाच्याला माशांची जोडी घ्यायचीय, पण गोड्या पाण्यातली (एंजल) की खाऱ्या (क्लाउन), ठरत नाहीये.

जोडी जमवणं क्लाउनमध्ये सोपं. सगळे जन्मतः नर. दोन लहान मासे एकत्र ठेवले की वरचढ ठरणारा मादी होतो. एंजलचे नर-मादी ओळखणं अवघड, म्हणून पाच-सहा पिल्लं वाढवून जोडी जमायची वाट बघायची.

खर्चात तुलनाच नाही. एंजलला स्पंज फिल्टर, हीटर आणि मऊ पाणी पुरतं (बोअरचं जड पाणी असेल तर अंडी फुटायला त्रास). क्लाउनला आरओचं पाणी, समुद्री मीठ, क्षारता मोजायचं यंत्र.

खरी गोम पिल्लांच्या खाण्यात. एंजलची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. पिल्लं पोहू लागली की थेट ताजा आर्टेमिया (अंड्यातून नुकतेच निघालेले, कोळंबीसारखे बारीक जीव) खातात. क्लाउनची अंडी आठवडा-दहा दिवसांनी, अंधार पडल्यावर फुटतात आणि पिल्लांना आधी जिवंत रोटिफर (पाण्यातले त्याहून सूक्ष्म जीव) लागतात. रोटिफरना खायला सूक्ष्म शैवाल. म्हणजे माशांआधी त्यांच्या जेवणाची शेती! ‘सोपं किट’ विकणारे हे सांगत नाहीत.

नोकरी सांभाळून पहिल्यांदा करणाऱ्याने एंजल घ्यावा. खाऱ्या पाण्याची टाकी आधीच स्थिर असेल आणि रोज सकाळ-संध्याकाळ वेळ असेल, तर क्लाउन.