फॉल कलर्ससाठी गाडी कुठे न्यायची: ब्लू रिज पार्कवे की कँकामॉगस?

अमेरिकेत पानगळीचे रंग बघायला गाडी काढायची म्हटलं की ही दोन नावं हमखास पुढे येतात. एक व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायनातून जाणारा ब्लू रिज पार्कवे, दुसरा न्यू हॅम्पशायरच्या व्हाइट माउंटन्समधला कँकामॉगस हायवे. फोटो बघून ठरवू म्हणाल तर ठरणार नाही, दोन्हीकडचे फोटो वेड लावतात. मला कोणी विचारलं की मी आधी एवढंच विचारते: रजेच्या तारखा पक्क्या आहेत, की पुढेमागे सरकवता येतील?

कारण कँकामॉगसचा रंग थांबत नाही. तिथला राजा म्हणजे शुगर मेपल. दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारठा, पण गोठवणारा नाही, असे काही दिवस सलग मिळाले की पानात अडकलेल्या साखरेपासून लाल रंगद्रव्य तयार होतं आणि डोंगरच्या डोंगर पेटल्यासारखे दिसतात. हा बहर साधारण सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. त्यात एक रात्र वादळी पाऊस झाला, की सकाळी निम्मा रंग जमिनीवर. तोही सुंदर असतो म्हणा! रॉकी गॉर्जपाशी स्विफ्ट नदीतल्या ओल्या, करड्या दगडाला चिकटलेलं एखादं लालभडक पान जवळून बघा. शिरा अजून पिवळ्या असतात, लाली कडेकडेने आत सरकत आलेली असते.

रस्ता लहान आहे, लिंकन ते कॉन्वे जेमतेम ३४.५ मैल. न थांबता तासाभरात संपेल, पण थांबल्याशिवाय राहवत नाही, म्हणून अख्खा दिवस हाताशी ठेवा. वाटेत पेट्रोल पंप नाही आणि मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी नसते, तेव्हा नकाशा आधीच डाउनलोड करून घ्या. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारला जोडून येणारा लाँग वीकएंड मात्र टाळाच. पार्किंग शोधण्यातच दिवस जातो.

ब्लू रिजचं गणित वेगळं. ४६९ मैलांचा हा रस्ता जेम्स नदीजवळ सुमारे ६५० फुटांवर उतरतो आणि रिचलंड बाल्समला ६,०५३ फुटांवर चढतो. रंग वरून खाली उतरत येतो. त्यामुळे ग्रेव्हयार्ड फील्ड्ससारख्या उंच जागी ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच पानं झडायला लागली, तरी खालच्या ॲशव्हिल शहराच्या आसपास महिनाअखेरीस रंग सापडतो. इथे आठवडाभर चुकलात तरी बिघडत नाही: वर फांद्या उघड्या पडल्या असतील तर खाली उतरायचं.

खरं सांगायचं तर मेपलचा तो दाट लाल इथे तेवढा नाही. ओक, हिकरी, ट्यूलिप पॉपलर यांचे पिवळे आणि तांबूस रंग जास्त, मधेमधे सावरवुडची लाली. पण एकामागे एक विरत जाणाऱ्या निळसर डोंगररांगा आणि पहाटे दरीत साचलेलं धुकं हे कँकामॉगसला इतकं मिळत नाही. ग्रँडफादर माउंटनच्या कुशीतून वळत जाणारा लिन कोव्ह व्हायाडक्ट तर चुकवूच नका. डोंगर फोडायला लागू नये म्हणून तो रस्ता कड्याबाहेर खांबांवर उभा केला आहे.

आईवडील सोबत असतील तर माझं मत सरळ ब्लू रिजला. ओव्हरलूक, म्हणजे थांबून देखावा बघायच्या जागा, रस्त्यालगतच आहेत, गाडीतून उतरलं की समोर दरी. गाडी लागणारी मुलं असतील तर मात्र ही वळणं संपता संपत नाहीत. वेगमर्यादाही कमाल ताशी ४५ मैल, म्हणून सगळा रस्ता एका दमात करायचा हट्ट नको, शंभरेक मैलांचा तुकडा निवडा. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनातल्या भागाचं फार नुकसान केलं. निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर कुठला भाग सुरू आहे ते बघितल्याशिवाय हॉटेल बुक करू नका.

थोडक्यात, रजा दोन महिने आधी टाकावी लागत असेल तर ब्लू रिज, ऑक्टोबरचा तिसरा आठवडा. आणि मंगळवारी रंगाची बातमी ऐकून बुधवारी निघता येत असेल, तर डोळे मिटून कँकामॉगस. तिथे सकाळी कॉन्वेहून टाकी भरून पश्चिमेकडे निघा. ऊन पाठीशी राहतं, डोळ्यांवर येत नाही, आणि समोरचा उतार उजळलेला दिसतो.