रविवार पेठेतला सुदानी डिंक: दुप्पट भाव द्यावा का?

बेळगावच्या रविवार पेठेत मी जिथून काष्ठौषधी घेते त्या जुन्या दुकानात सध्या डिंकाचे दोन डबे आहेत. एकावर ‘बाभूळ’, दुसऱ्यावर ‘सुदान’. सुदानचा भाव जवळजवळ दुप्पट. थंडीत बाळंतिणींसाठी लाडू करून द्यायचा माझा उद्योग असल्यामुळे दोन्ही आणले, तळले, भिजवले, आणि लेकाच्या वहीची फाटकी पानंसुद्धा चिकटवून पाहिली.

सुदानी डिंक दिसायलाच वेगळा. सुपारीएवढे गोल खडे, फिकट पिवळे, वर बारीक चिरा. फोडला की आत स्वच्छ चमक. साल, माती जवळजवळ नाहीच. बाभळीचा डिंक तांबूस-काळपट, निवडायला बसलं की अर्धी दुपार जाते, आणि सालीचा एखादा तुकडा तरीही लाडवात सापडतोच.

माझं माहेर अथणीकडचं. तिथे बांधाबांधावर बाभळी. कुऱ्हाडीचा घाव किंवा कीड लागली तिथे डिंक आपोआप येतो, पोरं ओरबाडून चघळतात. झाडाची कुणी मुद्दाम निगा करत नाही. सुदानात मात्र ही शेतीच आहे. कोर्दोफान आणि दारफूरच्या कोरड्या माळावर हे झाड वाढतं, तिकडे त्याला हशाब म्हणतात. आपल्या बाभळीच्याच गोतातलं. राजस्थानात तेच कुमट. पेऱ्यापाशी तीन-तीन आकडेदार काटे, मधला खाली वळलेला, बाजूचे दोन वर. पाऊस संपून पाला गळायला लागला की फांदीची साल पट्टीपट्टीने सोलतात. महिना-दीड महिन्यात त्या जखमेवर गोळे धरतात. ते हातानं वेचायचे, थोड्या दिवसांनी परत नवे धरतात, परत वेचायचे. एवढं करून हंगामाला एका झाडामागे साधारण पाव किलोच डिंक. म्हणजे माझ्या लाडवांच्या एका मोठ्या घाण्याला अख्खं एक झाड लागतं! त्यात 2023 च्या एप्रिलपासून तिथे युद्ध पेटलंय, आणि डिंकाचे हेच मुलूख त्यात होरपळताहेत. भाव चढला त्याचं नवल नाही.

आता कढईतली गोष्ट. दोन्ही डिंक उन्हात वाळवून, हरभऱ्याएवढे फोडून, बेताच्या आचेवर तुपात सोडले. सुदानी लाह्यांसारखा फुलला, पांढराशुभ्र, वाटीनं दाबला की भुगा. बाभळीचाही फुलतो, पण काही खडे आत कच्चे राहतात आणि मग दाताला चिकटतात. म्हाताऱ्या माणसांच्या कवळीचा विचार करा. चवीचं मात्र खरं सांगते: खारीक, खोबरं, गूळ, जायफळ पडल्यावर कुठला डिंक ते माझ्या सासूबाईंनाही ओळखता आलं नाही. गोकाकच्या करदंटासारखा दणदणीत गुळाचा पदार्थ करणार असाल तर बाभळीचा डिंक नीट निवडून, बारीक फोडून घ्या, पैसे वाचतील.

पाण्यात घालून ठेवला तर सुदानी सकाळपर्यंत पूर्ण विरघळतो, खाली गाळ नाही. ही परीक्षा घरी जरूर करा. धावड्याचा डिंक मिसळला असेल तर तो पूर्ण विरघळत नाही, तळाशी बुळबुळीत राहतो. आणि फुगून जेलीसारखा ढीग झाला तर तो कतिरा. सरबताला छान, लाडवाला बाद, तुपात फुलतच नाही.

दुसरी फसवणूक जास्त बारीक आहे. सुदानातूनच तल्हा नावाचा डिंक येतो, वेगळ्या झाडाचा, ठिसूळ आणि हलक्या प्रतीचा. ‘सुदानी’ म्हटलं की खोटं ठरत नाही! शहरातल्या एका मोठ्या दुकानातून मी घेतलेलं चकचकीत पाकीट तसंच निघालं, निम्मा चुरा. रविवार पेठेतले सावकार निदान खडा हातात देतात. ‘‘वैनी, फोडून बघा, मग न्या,’’ म्हणाले. मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, घाई करत नाहीत. फक्त पिशवी पातळ देतात, आणि पाव किलोच्या खाली तोलायला कुरकुर करतात.

बाळंतिणीच्या लाडवाला, वयस्करांना: सुदानी, डोळे झाकून. पाचपैकी चार तारे, एक भावाचा कापला. घरच्या रोजच्या खाण्याला बाभळीचा पुरे. चुरा घेऊ नका, खडेच मागा. आणि श्रावणाआधी भरून ठेवायच्या फंदात पडू नका. आपल्या पावसात डबा कितीही घट्ट लावला तरी खडे एकमेकांना चिकटून ढेकूळ होतं, ते फोडायला वरवंटा लागतो.